विम्याची पॉलिसी गहाण, बायकोचे दागिने मोडले, पण सिनेमा काढलाच! त्र्यंबकच्या दादासाहेब फाळकेंची गोष्ट

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक दिसतं. सुट्टीच्या दिवशी लोक पोराबाळांना घेऊन तिथे जातात, फोटो काढतात, घरी येतात. दरवर्षी टीव्हीवर बातमी येते की अमक्याला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. नाव असं सगळ्यांच्या तोंडी आहे. पण हा माणूस घरात कसा होता, बायकोशी कसा वागला, पोरांना त्याने कुठे कुठे उभं केलं, हे फार कमी जणांना माहीत असतं. आणि खरी मजा तिथेच आहे.

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म 30 एप्रिल 1870, गाव त्र्यंबकेश्वर. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. घरात पोथ्या, पूजा, मंत्र. अशा घरातलं पोरगं भिक्षुकी करेल नाहीतर फार तर मास्तर होईल, असंच कुणालाही वाटलं असतं. वडिलांना मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. धुंडिराज 1885 मध्ये जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला झाली, फोटोग्राफी झाली, मातीच्या मूर्ती झाल्या, छपाईचं काम झालं, नाटकाचे पडदे रंगवणं झालं. एका ठिकाणी बूड टेकून बसणं या माणसाला जमायचंच नाही. 1892 मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी नाट्यगृहाची छोटी प्रतिकृती करून ठेवली, तिला सुवर्णपदक मिळालं.

मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तेव्हा लोकांची समजूत अशी की कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो. आता अशा गावात फोटोवाल्याचं दुकान कसं चालणार? त्यातच प्लेगची साथ आली. 1900 च्या सुमाराला पहिली बायको आणि मूल, दोघंही त्या साथीत गेली. तिशीच्या आत घर रिकामं झालं. धंदा गुंडाळून ते बडोद्याला परतले.

या काळात त्यांनी एक भलताच उद्योग केला. एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले आणि चक्क स्टेजवर उभे राहून खेळ करायला लागले. नाव काय घेतलं? फाळके हे आडनाव उलटं वाचलं, झालं केळफा. पुढे लावलं प्रोफेसर. प्रोफेसर केळफा! शास्त्रीबुवांचा मुलगा टेबलावरच्या वस्तू गायब करतोय आणि नावसुद्धा स्वतःचंच उलटं करून घेतोय, यावरून माणसाचा स्वभाव कळतो. ही जादू पुढे त्यांना पडद्यावर फार कामाला आली.

1902 मध्ये दुसरं लग्न झालं. मुलगी करंदीकरांची, माहेरचं नाव गिरिजा, लग्नानंतर सरस्वतीबाई. नवरा बायकोपेक्षा कितीतरी वर्षांनी मोठा. त्या पोरवयाच्या मुलीला कुणी सांगितलं असतं की पुढे तुला साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून रात्री अंधाऱ्या खोलीत सिनेमाच्या फिल्मला भोकं पाडायची आहेत, तर तिचा विश्वास बसला नसता. फिल्म म्हणजे काय हे तरी तेव्हा कुणाला माहीत होतं!

लग्नानंतर काही दिवस सगळं सरळ चाललं. 1903 मध्ये दादासाहेबांना पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, नकाशे आणि फोटो काढायची. सरकारी नोकरी, महिन्याचा पगार. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली आणि 1906 मध्ये यांनी नोकरी सोडली. मग छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं कामही त्यांनी केलं. 1909 मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला थेट जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालायला लागला आणि भागीदारांशी बिनसलं. त्यांनी छापखानाच सोडून दिला. भागीदाराशी न पटणं हा त्यांच्या आयुष्यातला कायमचा रोग होता. तो पुढेही दिसतो.

वय चाळीस. हातात काम नाही, घरात मुलं लहान. अशा वेळी 1911 च्या एप्रिलमध्ये ते थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये खेळ बघायला गेले. पडद्यावर प्राणी पळत होते. पोरगं हरखून गेलं. घरी येऊन त्याने आईला सांगितलं की भिंतीवर जिवंत जनावरं पळताना बघितली. घरात कुणाचाच विश्वास बसेना. बापाने काय करावं? दुसऱ्या दिवशी सगळं घरच उचललं आणि थिएटरात नेऊन बसवलं. तेव्हा ईस्टरचा सण होता, म्हणून त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट लागला होता.

बाकीचे लोक ख्रिस्त बघत होते. दादासाहेबांना पडद्यावर राम दिसायला लागला, कृष्ण दिसायला लागला. आपले देव असे हलताना-बोलताना दिसले तर? हा विचार डोक्यात शिरला तो निघालाच नाही. बायकोला ही जादू कशी चालते ते दाखवायला ते तिला मशीनच्या खोलीपर्यंत घेऊन गेले, असं सांगतात. आपण पण असंच चित्र काढायचं, हे त्या घराचं त्या दिवशी ठरलं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतरचे काही महिने म्हणजे शुद्ध वेड होतं. मिळेल तो सिनेमा बघायचा. घरी खेळण्यातलं सिनेमाचं यंत्र आणलं, मेणबत्ती लावून, भिंग धरून भिंतीवर चित्रं हलवत बसायचं. झोप दिवसाला तीन-एक तास. घरातलं एकेक सामान विकून पैसा उभा करायचा. शेवटी डोळ्यांनी दगा दिला. दिसेनासंच झालं. डॉक्टर प्रभाकर नावाच्या गृहस्थांनी उपचार केले, तीन-चार निरनिराळे चष्मे दिले, तेव्हा कुठे नजर परत आली. एका मित्राने तर यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवायची तयारी केली होती. मित्राचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. आपल्या गावात कुणी कामधंदा सोडून रात्रभर मेणबत्तीपुढे भिंग धरून बसला, तर आपणही तेच केलं असतं.

पैसा पाहिजे होता. दादासाहेबांकडे 12,000 रुपयांची विमा पॉलिसी होती. ती गहाण ठेवून 10,000 रुपये उचलले आणि 1 फेब्रुवारी 1912 ला लंडनची बोट धरली. तिथे ओळखीचं कोण? कुणी नाही. बायोस्कोप नावाचं सिनेमाचं साप्ताहिक ते मुंबईत मागवून वाचायचे, एवढीच ओळख. त्या ओळखीवर ते सरळ संपादकांच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. संपादक केबर्न भला माणूस निघाला. त्याने आधी या धंद्यातले धोके सांगितले, भारताच्या हवेत हे जमायचं नाही असंही सांगून बघितलं. समोरचा माणूस हलत नाही म्हटल्यावर त्याने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थने आपला स्टुडिओ उघडून दाखवला. दादासाहेबांनी विल्यम्सन कंपनीच्या कॅमेऱ्याची ऑर्डर दिली, कच्ची फिल्म आणि भोकं पाडायचं यंत्र यांची सोय केली आणि एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत परत आले. दोन महिन्यांत सगळा कारभार!

आता भोकं पाडायचं यंत्र म्हणजे काय, ते समजून घेतलं पाहिजे. कारण या गोष्टीतलं निम्मं कष्टाचं काम तिथे आहे. फिल्मच्या दोन्ही कडांना ओळीने भोकं असतात. त्या भोकांत कॅमेऱ्याचे दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते, सायकलची चेन सरकते तशी. तेव्हा कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. उजेड लागला की ती खराब. म्हणजे हे काम अंधारात करायचं, एकेक फूट मोजून, सरळ रेषेत. भोक तिरकं गेलं की चित्र उड्या मारणार. हे काम केलं सरस्वतीबाईंनी. दिवसभर घर, मुलं, रांधणं. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म. शूटिंग झाल्यावर ती धुवायची रसायनं कालवणं, हेही त्याच शिकल्या. उन्हात पांढरी चादर ताणून तासन्‌तास उभं राहायचं, म्हणजे उजेड नटांच्या तोंडावर पडेल, तेही काम त्यांचंच. भारतातल्या पहिल्या सिनेमाच्या तंत्रज्ञांची यादी कुणी करायला घेतली, तर त्यात दुसरं नाव या बाईंचं लिहावं लागेल. बऱ्याच ठिकाणी ते लिहिलेलं नसतं.

मोठा सिनेमा काढण्याआधी भांडवलवाल्यांची खात्री पटवायला हवी होती. यासाठी दादासाहेबांनी जी युक्ती केली ती शेतकऱ्याला चटकन पटेल. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला. रोज थोडं थोडं चित्र घेत गेले, महिना उलटून गेला. सगळी चित्रं जोडून चालवली तर पडद्यावर दाणा फुटतोय, कोंब वर येतोय, वेल डोलत चढतेय, सगळं मिनिटाभरात! अंकुराची वाढ असं त्या छोट्या फिल्मचं नाव. महिन्याभराचं पीक डोळ्यांदेखत उगवलेलं बघून सावकार गार झाला आणि पैसे सुटले. तरी ते पुरे पडेनात, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

बिऱ्हाड गिरगावातून दादरला हललं, मथुरा भवन नावाच्या बंगल्यात. गोष्ट ठरली राजा हरिश्चंद्राची. नट मिळावेत म्हणून जाहिरात दिली. जो येईल तो ओबडधोबड! मग म्हणे जाहिरातीत एक ओळ वाढवली, की वाईट तोंडाच्या माणसांनी येण्याची तसदी घेऊ नये. हरिश्चंद्राच्या भूमिकेला दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. घोडं अडलं तारामतीपाशी. सिनेमात काम करायला बाई तयार होईना. चांगल्या घरच्या तर सोडाच, नाचगाणं करणाऱ्या बायकांच्या वस्तीत जाऊन विचारलं, त्यांनीही नकार दिला. स्वतःच्या बायकोला विचारून पाहिलं. सरस्वतीबाईंनी हिशोब सांगितला, की इतक्या माणसांचा स्वयंपाक आणि फिल्मचं काम कोण करणार? तिथे दादासाहेबांची बोलती बंद झाली.

शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत चहा पिताना त्यांना आण्णा साळुंके दिसले. तिथे स्वयंपाकाला होते. नाजूक बांधा, लांब बोटं. महिन्याला 10 रुपये मिळायचे, दादासाहेबांनी 15 सांगितले. असा भारताच्या पहिल्या सिनेमाला तारामती मिळाली. बायकांच्या कामाला घेतलेल्या बाकीच्या पुरुषांनी वेगळाच खोडा घातला. मिशी काढायची कशी? बाप जिवंत असताना मिशी उतरवणं म्हणजे अपशकुन. एकेकाची समजूत काढता काढता दादासाहेबांच्या नाकी नऊ आले. मिशीवाली राणी पडद्यावर बघायची कुणाची तयारी होती?

लोकांना सिनेमात काम करतो असं सांगायची चोरी होती. लोक नावं ठेवायचे, लग्नं जमायची नाहीत. त्यावर दादासाहेबांनी तोडगा दिला. कुणी विचारलं तर सांगायचं, की हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे. कारखाना म्हटलं की मान मिळतो! हरिश्चंद्राची फॅक्टरी हा शब्द तिथूनच आला. पुढे त्याच नावाचा मराठी सिनेमा 2009 मध्ये निघाला, तो अनेकांनी पाहिलेला असेल.

शूटिंगचा आणखी एक किस्सा वांगणीचा. कर्जतच्या रेल्वे लाईनीवर हे गाव आहे. दादासाहेब मागून येणार होते, मंडळी आधी पोचली. तलवारी, भाले, ढाली घेतलेली ही माणसं बघून गावाला वाटलं दरोडेखोर आले. गावाने कळवलं आणि सगळ्या राजमंडळाला धरून बसवलं. हे सांगतायत की आम्ही नट आहोत, आमचा सिनेमा आहे. पण सिनेमा म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला माहीत असेल तर ना! दादासाहेब पोचले, कॅमेरा उभा केला, फिल्म न घालता नुसतं हँडल फिरवून एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली, असं सांगतात. फुकट फिल्म वाया घालवली नाही, हे बघण्यासारखं आहे. चेष्टेतसुद्धा हिशोब सुटलेला नाही.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रोहिदासाच्या भूमिकेला दुसरा मुलगा मिळेना. स्मशानात मेल्यासारखं पडून राहायचं आहे म्हटल्यावर कोणते आईबाप आपलं पोर देतील? म्हणून भालचंद्रच रोहिदास झाला. त्र्यंबकला शूटिंग चालू असताना तो खेळता खेळता दगडावर पडला, डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली. काम थांबवा, पोराला मुंबईला न्या, असं सगळे म्हणाले. पण पुढचं दृश्य होतं मेलेल्या रोहिदासाचं. कॅमेरा लावून उभा होता, पैसा संपत आलेला होता, मंडळी परगावी आणलेली होती. बापाने ते दृश्य पोर तशा अवस्थेत असतानाच उरकलं, अशी आठवण सांगितली जाते. भालचंद्र पुढे बरा झाला. तरी हे ऐकताना पोटात कालवतं. सरस्वतीबाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.

सहा महिने आणि 27 दिवस काम चाललं. फिल्म झाली 3,700 फूट. 21 एप्रिल 1913 ला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात मोठ्या लोकांना दाखवली आणि 3 मे 1913 ला कोरोनेशनमध्ये सगळ्यांसाठी लागली. नुसत्या सिनेमाला लोक येतील की नाही याचा भरवसा नव्हता. म्हणून जोडीला परदेशी बाईचा नाच, पायाने वस्तू झेलणारा कसरतवाला, विनोदी नकला असा सगळा मसाला ठेवला होता. लोक आले ते मात्र हरिश्चंद्रासाठी. ज्या काळात सिनेमा चार-दोन दिवसांत उतरायचा, त्या काळात हा 23 दिवस चालला.

मुंबईबाहेर मात्र पंचाईत झाली. लोक म्हणायचे, नाटक रात्रभर चालतं आणि दोन आणे पडतात, हे तास-दीड तासात आटोपतं आणि तीन आणे मागता? तेव्हा प्रोफेसर केळफा जागे झाले. जाहिरात केली की 57,000 फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र फक्त तीन आण्यात! झुंबड उडाली. आता हिशोब घालून बघा, 3,700 फूट म्हणजे एक मैलसुद्धा होत नाही. दुसरा मैल कुठून आला ते जादूगारालाच ठाऊक. तक्रार घेऊन कुणी गेलं नाही एवढं खरं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फाळके मंडळी नाशिकला आली. बायकांच्या कामाचा प्रश्नही सुटला. मोहिनी भस्मासुर या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघींनी काम केलं. पडद्यावर आलेल्या या पहिल्या बायका. देवादिकांच्या सिनेमांच्या जोडीला दादासाहेब छोटे गमतीचे सिनेमेही काढायचे. पिठाचे पंजे हा विनोदी. आगकाड्यांची मौज यात नुसत्या काड्या पडद्यावर नाचतात, आकार घेतात. एका छोट्या फिल्ममध्ये तर ते स्वतः केळफा बनून जादू करतात. कर्ज डोक्यावर असताना माणूस काड्यांचा नाच करत बसतो, हे सगळ्यांना झेपणारं नाही.

1914 मध्ये आपले तीन सिनेमे घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं. तिथेच राहून सिनेमे काढायची बोलणी आली, पगारही मोठा होता. नको म्हणून परत आले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. पैसेवाल्यांनी हात आखडले, नाशिकचा कारभार ठप्प झाला. या दिवसांत घर कसं चालवलं, ते सरस्वतीबाईंनाच माहीत. मुलांचं खटलं मोठं आणि त्यात कंपनीची माणसंही घरचीच.

1917 च्या लंकादहनने सगळं भरून काढलं. आण्णा साळुंकेच राम आणि तेच सीता! सीतेच्या पदराखालून दंड जरा पैलवानी दिसायचे, पण लोकांना त्याचं काही नव्हतं. राम पडद्यावर आला की प्रेक्षक चपला काढून हात जोडायचे. मारुती आभाळात उडत जातो, शेपटीने लंका पेटते, हे बघायला खेड्यापाड्यातून गाड्या जुंपून लोक आले. गल्ल्यातली नाणी बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असं सांगतात.

यश आलं तसे भांडवलदारही आले. 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, मुख्य ठिकाण नाशिक. पहिला सिनेमा श्रीकृष्ण जन्म, दुसऱ्या वर्षी कालिया मर्दन. यातला बाळकृष्ण म्हणजे दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी. वय सहा-सात. कालिया नागाच्या फण्यावर चढून नाचणारी ती चिमुरडी आजही बघायला मिळते, कारण या सिनेमाची फिल्म सुदैवाने वाचली.

कंपनीत भागीदारांशी पुन्हा वाजलं. खर्च किती करायचा यावरून भांडण. भागीदार वही दाखवायचे, दादासाहेब चित्र दाखवायचे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण एका वाड्यात राहणं शक्य नव्हतं. दादासाहेबांनी राजीनामा दिला आणि बायकामुलांना घेऊन सरळ काशीला जाऊन राहिले. ज्याच्या नावावर गर्दी जमत होती, तो माणूस सगळं टाकून गंगेच्या काठी! गप्प बसतील तर शपथ. तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं, त्या काळच्या नाटकधंद्याची टर उडवणारं. ते रंगभूमीवर आलं, पण चाललं नाही. 1922 मध्ये ते पुन्हा त्याच कंपनीत परतले, यावेळी पगारी माणूस म्हणून.

पुढची वर्षं उतरणीची. एकूण 90 हून जास्त मोठे सिनेमे आणि पंचवीसेक छोट्या फिल्म त्यांच्या नावावर आहेत. पण बोलपट आला आणि जग बदललं. सेतुबंधन त्यांनी मूकपट म्हणून काढला, त्यातही पैसा मधेच संपला, दोन वर्षं गेली. 1932 ला तो तयार झाला तोवर लोकांना पडद्यावर गाणी ऐकायची सवय लागली होती. मागाहून त्यात आवाज भरला. कोल्हापूरला महाराजांच्या कंपनीसाठी 1937 मध्ये गंगावतरण केला. त्यांचा पहिला आणि शेवटचा बोलपट. तेव्हा वय 67.

नंतर ते नाशिकला येऊन राहिले. हाती पैसा नव्हता. ज्या धंद्यात दुसऱ्यांचे बंगले उभे राहिले, तो सुरू करणाऱ्याला स्वतःचं धड घर नव्हतं. सिनेमाधंद्याच्या रौप्यमहोत्सवात व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन मदत गोळा केली, कमी पडली ती प्रभात कंपनीने भरली. त्यातून नाशिकच्या गोळे कॉलनीत घर झालं.

सत्तरी उलटली तरी डोक्यातलं चक्र थांबलं नव्हतं. आणखी एक सिनेमा काढायचा होता. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि सिनेमा काढायला सरकारचा परवाना लागायचा. दादासाहेबांनी अर्ज केला. भारतात पहिला सिनेमा काढणाऱ्या माणसाला सरकारने परवानगी नाकारली. ते उत्तर आलं आणि त्यांना झटका आला. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये, म्हणजे 25 वर्षांनी. पहिला मिळाला देविका राणी यांना.

हरिश्चंद्राची पूर्ण फिल्म आज शिल्लक नाही, काही भाग आहे. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी दादासाहेबांची एक छोटी फिल्मही आहे, तिच्यात ते स्वतः काम करताना दिसतात. मोबाईलवर शोधलं तर ही चित्रं सापडतात. कालिया मर्दन सापडला तर सुरुवात चुकवू नका. गोष्ट सुरू व्हायच्या आधी मंदाकिनी एकटीच कॅमेऱ्यापुढे येते आणि एकामागून एक तोंडं करून दाखवते, कधी रुसलेलं, कधी रागावलेलं, कधी हसरं. कॅमेऱ्याच्या या बाजूला तिचा बाप उभा होता.